नागीण बरी झाली, आईची आग काऊन जाईना? मदत हवी आहे

कपाशीवाला_दारव्हा: आईच्या नागिणीच्या खपल्या पडून गेल्या, कातडी सुकली, पण आग तशीच. पदर घासला तरी ओरडते. गोळ्या चालू आहेत, फरक शून्य. डॉक्टर म्हणतात नसेचं दुखणं आहे, वेळ लागते. जखमच नाही तर दुखते काऊन? नेटवर सेल सिग्नलिंगचं (पेशी एकमेकींना निरोप कशा देतात त्याचं) वाचलं, डोक्यावरून गेलं. कोणी सरळ मराठीत सांगा. वेचणीचे दिवस आहेत, लवकर सांगा.

सिस्टर_पुसद: वय? शुगर आहे का? नागीण कुठं निघाली होती? आणि "गोळ्या" म्हणजे कोणत्या?

वऱ्हाडी_पाटील: आमच्या काकूला गेरू अन् तुळशीचा रस लावला, आठ दिवसांत उतरली. इंग्रजी औषधानं नागीण अंगात दबते, असं आमच्याकडं म्हणतात.

फार्मसी_वर्धा: पाटील, इथं फोडच उरले नाहीत, गेरू लावता कशाला? नागीण म्हणजे कांजण्यांचाच विषाणू. तो मणक्याजवळच्या नसेच्या गाठीत वर्षानुवर्षं पडून असते, उठला की त्या नसेलाच इजा करते. इजा झालेली नस कारण नसताना सिग्नल पाठवत राहते. मज्जारज्जूत ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन सुटतं, ते झेलणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरमधला (पेशीवरच्या दारातला) मॅग्नेशियमचा अडसर निघतो, कॅल्शियम पेशीत शिरतं, आतली काइनेज एन्झाइम (पेशीतली प्रथिनं चालू-बंद करणारी) कामाला लागतात, अन् पेशी जराशा सिग्नललाही मोठी प्रतिक्रिया देते. उंदरांवरच्या प्रयोगांत आणखी दिसलं: मायक्रोग्लिया या मज्जारज्जूतल्या राखणदार पेशींनी सोडलेल्या बीडीएनएफ या प्रथिनामुळं नसेच्या पेशीतलं केसीसी२ हे प्रथिन कमी होते, अन् गाबा या सिग्नल शांत करणाऱ्या रसायनाचा दुखणं दाबणारा ब्रेक ढिला पडते. आईचा त्रास खरा आहे, तिला कोणी नाटकी म्हणू नका.

नागपुरी_बाबा: बी१२ ची इंजेक्शनं द्या. माझी सायटिका त्यानंच थांबली. प्रेगाबालिन या नसेच्या दुखण्यावरच्या गोळीनं माणूस दिवसभर पेंगते.

फार्मसी_वर्धा: बी१२ कमी असेल तर द्याच, पण सायटिका वेगळी. प्रेगाबालिन अन् तिच्याच जातीची गाबापेन्टिन नसेतल्या कॅल्शियम चॅनलच्या (कॅल्शियम आत घेणाऱ्या वाटेच्या) अल्फा-२-डेल्टा भागाला चिकटतात, मग ग्लुटामेट कमी सुटते. पेंग येते, म्हणूनच कमी मात्रेपासून हळूहळू वाढवतात.

नागपुरी_बाबा: भोगलं मी, तुमी पुस्तकातून सांगता.

मेघा_अकोला: नागिणीची लस भारतात मिळते आता. पन्नाशीनंतर घ्यावी.

सिस्टर_पुसद: ताई, लस आधी घ्यायची असते. या दुखण्यावर तिचा इलाज नाही. कपाशीवाले भाऊ, माझे प्रश्न तसेच राहिले.

कपाशीवाला_दारव्हा: वय ६४. डाव्या बरगडीखाली, पोळ्यानंतर निघाली. शुगर आहे. डायक्लोफेनॅक दोन टाइम. गाबापेन्टिन ३०० रात्रीची आहे, पण चक्कर येते म्हणून आई लय दुखलं तरच घेते.

फार्मसी_वर्धा: हे पयले सांगाचं ना भाऊ! गाबापेन्टिन दुखलं की घ्यायची गोळी नाही, रोज ठरल्या वेळी घेतली तरच चालते. डायक्लोफेनॅक ही साधी दुखण्याची गोळी सुजेतलं प्रोस्टाग्लँडिन (दुखणं वाढवणारं रसायन) कमी करते, या दुखण्यात तिचा फारसा उपयोग नाही, अन् शुगरवाल्याच्या किडनीला धोका. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची तपासणी) केव्हा केलं? गाबापेन्टिन किडनीतूनच बाहेर पडते, मात्रा त्यावर ठरते. मनानं वाढवू नका. अमिट्रिप्टिलिन ही नसेच्या दुखण्यावरची दुसरी गोळी अन् लिडोकेनची बधिर करणारी पट्टी, यांच्याबद्दल डॉक्टरला विचारा.

वऱ्हाडी_पाटील: दारव्ह्याकडं बोंडअळी कशी आहे यंदा?

कपाशीवाला_दारव्हा: आहे अळी. क्रिएटिनिन कधीच नाही केलं. सोमवारी नेतो. तोवर डायक्लोफेनॅक बंद करू का?

सिस्टर_पुसद: सोमवारची वाट पाहू नका, आजच डॉक्टरला फोन करून विचारा. चक्कर येते म्हणता, तर रात्री मोरीत एकटीला जाऊ देऊ नका.