गॅलॅक्सीवर फाइल चढली, पण ट्रिमोमॅटिकला दिसत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितेय. मायक्रोबायोलॉजीत पीएचडीचं दुसरं वर्ष. विश्वामित्री नदीच्या काठच्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला होता, त्याचा जीनोम बाहेरून सिक्वेन्स करून आणला. प्लेटा ओतायला सांगा, डोळे मिटून ओतेन. पण लिनक्सच्या काळ्या पडद्यापुढे मी ठार अडाणी. एका मित्राने लॅपटॉपवर स्पेड्स (डीएनएचे वाचलेले तुकडे जोडून जीनोम उभा करणारं सॉफ्टवेअर) टाकून दिलं होतं. ८ जीबी रॅम, बिचाऱ्याने मध्येच मान टाकली.

मग सीनियरने गॅलॅक्सी सुचवलं, असा डेटा तपासायची वेबसाइट. ब्राउझरमध्येच टूल निवडायचं, बटण दाबायचं, फुकट. मी फ्रायबुर्गच्या सर्व्हरवर खातं उघडलंय. आर१ आणि आर२ (तेच डीएनएचे तुकडे दोन टोकांकडून वाचलेले) अशा दोन फाइली, प्रत्येकी सव्वा जीबीच्या आसपास. पहिल्यांदा नेट गेलं. दुसऱ्यांदा रात्री अपलोड लावून झोपले, तर आजीने ‘रात्रभर कसला दिवा लुकलुकतोय’ म्हणून राउटरच बंद केला. तिसऱ्यांदा चढल्या, हिस्टरीत (तिथल्या माझ्या फाइली आणि कामांच्या यादीत) हिरव्या दिसतात. डेटाचा दर्जा तपासणारा फास्टक्यूसीसुद्धा नीट चालला.

पण खराब भाग छाटणारं ट्रिमोमॅटिक उघडलं की इनपुटच्या यादीत दोन्ही फाइली नाहीत. पुन्हा अपलोड करावं लागेल का? (आजी आता पाळतीवर आहे.)

दुसरं, सकाळी लावलेलं एक काम अजून करड्या रंगातच आहे. भावाच्या नावाने आणखी एक खातं काढलं तर लवकर होईल का?

पेट्रीडिश: अपलोड करताना फाइलचा प्रकार ‘ऑटो’वर ठेवला होतात, की स्वतः निवडलात?

धागाकर्ती: स्वतः. यादीत फास्टक्यू डॉट जीझेड दिसलं, तेच दिलं. चुकलं का?

पेट्रीडिश: तिथेच माशी शिंकली. डीएनएच्या प्रत्येक अक्षराच्या, म्हणजे बेसच्या, खात्रीचा आकडा फाइलमध्ये एका चिन्हाने लिहितात आणि ते लिहिण्याच्या पद्धती एकाहून जास्त आहेत. नुसतं ‘फास्टक्यू’ म्हटलं की कोणती पद्धत ते कळत नाही, म्हणून ट्रिमोमॅटिक ती फाइल दारातच उभी करत नाही. फास्टक्यूसीच्या रिपोर्टात पहिल्याच तक्त्यात ‘एन्कोडिंग’ची ओळ बघा. तिथे ‘सँगर / इल्युमिना १.९’ असेल तर हिस्टरीत फाइलच्या नावाजवळचं पेन्सिलचं चिन्ह दाबा, डेटाटाइपमध्ये जाऊन फास्टक्यूसँगर डॉट जीझेड करा आणि सेव्ह करा. आर१, आर२ दोन्हींना. पुन्हा चढवायची अजिबात गरज नाही.

जुना_लिनक्सवाला: ताई, दुसऱ्या खात्याच्या भानगडीत पडू नका. एका माणसाला एकच खातं हा तिथला नियम आहे, सापडलात तर असलेलंही जाईल. करडा म्हणजे रांगेत. तिथे जगभरातले लोक उभे असतात. तेच काम पुन्हा पुन्हा लावू नका, रांग आणखी वाढते. आणि पुढच्या वेळी सिक्वेन्सिंगवाल्यांकडून थेट उघडणारी लिंक मागून घ्या, लॉगिन लागणारी नको. अपलोडच्या खिडकीत ‘पेस्ट/फेच’मध्ये ती चिकटवली की सर्व्हर स्वतः फाइल ओढून घेतो. घरचं नेट आणि आजी, दोघींना आराम. फक्त रुग्णांचा डेटा असा कुठेही चढवायचा नाही, तुमचा मातीतला जिवाणू आहे म्हणून ठीक.

धागाकर्ती: एन्कोडिंग सँगरच निघालं. पेन्सिल दाबली, दोन्ही फाइली यादीत आल्या! दोन दिवस नुसती हिस्टरीकडे बघत बसले होते. ट्रिमिंग लावलंय, आता पिवळं झालंय, म्हणजे काम सुरू. सेव-उसळ खायला बाहेर निघालेय, लॅपटॉप चालू ठेवावा लागेल का?

जुना_लिनक्सवाला: खुशाल बंद करा. काम तिकडच्या मशीनवर चाललंय. चालू करताना ई-मेलची खूण केली असेल तर संपल्यावर मेल येईल.