पाटीवर ‘स्टेशनरी’चं इंग्रजी स्पेलिंग: ए की ई?

शहापूरकर:
मेव्हण्यानं बेळगावच्या शहापुरात वह्या-पेनांचं दुकान घातलंय. पाटीवर वर कन्नड, मधे मराठी, तळाला इंग्रजी. नियमाप्रमाणे कन्नड ६० टक्के बसवायची मापं काढण्यातच पेंटरचा जीव गेला. इंग्रजीत शेवटी ए-आर-वाय ओढलं आणि मोकळा झाला. आता कॉलेजची एक पोरगी येऊन सांगून गेली, “काका, तिथं ई पाहिजे.” पेंटर म्हणतोय, “अख्ख्या गावात असंच आहे की ओ!” त्यात भाचीच्या फिजिक्सच्या पुस्तकात ए-वालाच शब्द सापडला. बरोबर कुठलं? आणि वही-पेनाचा स्टेशनशी संबंध तरी काय?

टिळकवाडी_मास्तर:
पोरीचं बरोबर आहे. फिजिक्समधला ए-वाला म्हणजे स्थिर, जागचा न हलणारा. कागद-पेनांचा तो ई-वाला. खरं दोघं एकाच घरातले, म्हणून तर घोळ होतो.

लॅटिन ‘स्टाटिओ’ म्हणजे उभं राहायची जागा, ठाणं. मध्ययुगीन युरोपात कितीतरी विक्रेते जत्रेमागून जत्रा फिरणारे. पुस्तकवाला मात्र विद्यापीठाशेजारी ठाण मांडून बसायचा, आणि त्याला कारण होतं. छपाई नव्हती. बोलोन्या, पॅरिसला तो तपासलेली मूळ प्रत जवळ ठेवायचा, तीही न बांधता, सुट्या भागांत. विद्यार्थी नाहीतर लेखनिक एक भाग भाड्यानं न्यायचा, उतरून घ्यायचा, परत करून पुढचा न्यायचा. एकच पुस्तक एका वेळी अनेकांकडं उतरत असायचं. आता दुकानदारच पुढच्या गावी गेला तर बाकीचे भाग कुणाकडं मागायचे? म्हणून तो ‘स्टाटिओनारिउस’, एका जागचा. इंग्रजीत झाला स्टेशनर.

लंडनमध्ये या लोकांचा संघ १४०३ साली झाला, राजसनद मिळाली १५५७ साली. तेव्हाचा स्टेशनर पुस्तकं विकायचा, बांधायचाही. पुढं पुस्तकविक्री निराळी झाली, कागद-शाई-लेखण्या याच्याकडं राहिल्या. बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. ते ई-आर तिथलंच. हे ‘बेकरी’चं ध्यानात ठेवा, पुन्हा विचारावं लागणार नाही.

खानापूरवाला:
म्हणजे रेल्वे स्टेशन, पोलीस स्टेशन हे पण भाऊबंदच म्हणा की!

टिळकवाडी_मास्तर:
होय की. आपलं ‘ठाणं’ तरी कुठलं? संस्कृत ‘स्थान’वरून आलेलं. संस्कृतातला ‘स्था’ धातू आणि लॅटिनमधलं उभं राहण्याचं क्रियापद, दोन्हींचं मूळ एकच. फौजदाराच्या ठाण्याला ‘स्टेशन’ म्हटलं काय, नातं घरातलंच.

निपाणीकर_७७:
मराठीत, कन्नडमध्ये ही कटकटच नाही, दोन्ही शब्द ‘स्टेशनरी’च. घोळ फक्त तळाच्या ओळीत. गिऱ्हाईक काचेतल्या कंपासपेट्या बघून आत येतंय, ते काय ए-ई मोजत बसतंय?

शहापूरकर:
तुमचंही खरंय, पण समोरच हायस्कूल आहे. पोरं रोज तेच वाचणार. ई करून घेतो. मास्तर, आभारी आहे.

टिळकवाडी_मास्तर:
पाटीचं एक अक्षर पुसता येतंय. बिलबुकं छापायला टाकलीत काय? टाकली असली तर आधी प्रेसला फोन लावा. आणि रबरी शिक्का पण बघा.