संध्याकाळी पाचला तोंडात काय टाकू? (ठाणे–ऐरोली)

नौपाडेकरीण
मंडळी, सल्ला हवाय. वय ४२, घर नौपाड्यात, नोकरी ऐरोलीला, दिवसभर खुर्चीत. ऑफिसच्या तपासणीत एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही अजून, पण उंबरठ्यावर आहात. गोळी नको, खाणं-चालणं सांभाळा. चालणं जमवलंय, रात्री जेवून तलावपाळीला दोन फेऱ्या होतात. खाण्यापाशी घोडं अडलंय.

जेवणं तशी साधीच असतात. गोची होते ती पाचला. कॅन्टीनमध्ये समोसे येतात, शेजारी मशीनचा चहा, त्यात साखर आधीच घातलेली. त्यातून सुटले तर सात वाजता ठाण्याला उतरते आणि बाहेर कुंजविहारच्या वड्याचा वास. रात्री जेवणावर गोड हवंच, तो माहेरचा आजार.

मखाणे आणून पाहिले. थर्माकोल खाल्ल्यासारखं वाटलं. मैत्रिणीने दोन हजारांच्या पावडरीचा डबा सुचवला, तो नको. ऑफिसात माझ्या वाट्याला फ्रीज नाही, एक ड्रॉवर आहे. सकाळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ नाही. आपल्याकडे मिळणारं, खरंच चविष्ट असं काही सांगा.

निवृत्त_बाई
दुपारी किती वाजता जेवतेस, रात्री किती वाजता, आणि डब्यात काय असतं? खरं खरं लिही, मग बोलू.

नौपाडेकरीण
साडेबाराला. दोन पोळ्या, एक भाजी, कधी काकडी. रात्री नऊला वरण-भात-भाजी.

निवृत्त_बाई
मग अगं, मध्ये साडेआठ तास गेले! आणि डब्यात डाळ नाही, उसळ नाही, दही नाही. तू याला चटक म्हणतेस, मी भूक म्हणते. चाळीस वर्षं शाळेत गृहविज्ञान शिकवलं, मधल्या सुट्टीनंतर पेंगणारी पोरं डब्यावरून ओळखायचे मी.

आधी दुपारचा डबा दुरुस्त कर. एक पोळी कमी कर हवी तर, पण मटकीची किंवा मुगाची वाटीभर उसळ हवी, नाहीतर दोन उकडलेली अंडी, नाहीतर घट्ट दही. आणि मधलं खाणं साडेचारला उरकायचं. पाचला समोशासमोर उभं राहिल्यावर कोणाचंही डोकं चालत नाही, माझंही चालायचं नाही.

कोपरखैरणेवाला
बाईंशी सहमत. एक भर घालतो. जीभ नेमकं काय मागते ते आधी ओळखा. माझी पाचला फक्त 'कुडुम कुडुम' मागायची. मी तिला सफरचंद द्यायचो, ते खाऊन वर फरसाण खायचो. दोन्ही पोटात! कुरकुरीत मागणाऱ्या जिभेला मऊ काही देऊन भागत नाही, आणि आंबट मागणारीला बदाम देऊन भागत नाही.

माझ्या ड्रॉवरमध्ये काचेच्या बरणीत फुटाणे असतात, सालासकट, हळद-मिठाचे. ३० ग्रॅमची मूठ घेतली तर ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, आणि साल असल्याने चावायला वेळ लागतो. तो वेळ लागणं महत्त्वाचं, फरसाण चावायच्या आत संपतं. सोबत भाजलेले शेंगदाणे, पण ते मोजून. शेंगदाणा गुणी आहे, तरी १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. मी गप्पा मारता मारता पाव किलो संपवलेत, म्हणून सांगतो.

आणायचे कुठून? तुम्हाला जांभळी नाका जवळ, तिथल्या बाजारात सुट्टे घ्या आणि एक तोंडात टाकून बघा. वाशीला एपीएमसीच्या दाणाबंदर-मसाला मार्केटकडे फेरी झाली तर शेंगदाणे, मखाणे, सुका मेवा एकदमच होतो. मोठी गोणी घ्यायच्या मोहात मात्र पडू नका, पावसाळ्यात सगळं सादळतं.

मखाणाप्रेमी_ठाणे
थर्माकोल?! ताई, तुम्ही पाकिटातून थेट खाल्लेत ना? तो कच्चा माल आहे हो. कच्चे पोहे खाऊन पोह्यांना नावं ठेवण्यासारखं झालं.

जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप, त्यात दोन-तीन मुठी मखाणे, आच अगदी मंद, दहा-बारा मिनिटं हलवत राहायचं. झालं की नाही ते रंगावरून कळत नाही. एक उचलून दोन बोटांत दाबायचा, 'कट्' आवाज करून चुरा झाला तर झाला. दबून परत फुगला तर अजून पाच मिनिटं. तिखट, मीठ, चिमूटभर आमचूर गॅस बंद करून घालायचं, नाहीतर तिखट करपून सगळ्यांना ठसका. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत चार दिवसांनी मऊ पडतातच, तेव्हा परत कोरडे परतून घ्यायचे. रविवारचं काम आहे, सकाळच्या पंधरा मिनिटांतलं नाही.

(अवांतर: मिथिलेच्या मखाण्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आपण उपासापुरतेच आणतो.)

कोपरखैरणेवाला
पाककृती झकास. पण मखाण्याला प्रथिनांचा राजा म्हणून जे मेसेज फिरतात ते सोडून द्या. ३० ग्रॅममध्ये जेमतेम ३ ग्रॅम, फुटाण्यांच्या निम्मेच. हलके आहेत, वाडगाभर खाल्ल्याचं समाधान देतात, तेवढ्यासाठी खावेत.

दोनवेळा_जेवणारा
इतकं कशाला? डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. मध्ये खायचंच नाही. प्रश्न मिटला. माझं ९ किलो वजन उतरलं.

ऋतुमानानुसार
आला रे आला! आता कोणीतरी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणेल, मग मी तूप म्हणेन, मग धागा शंभरी गाठेल. तुम्हाला जमलं, आनंद आहे. धागाकर्तीने 'पाचला काय खाऊ' विचारलंय, 'खाऊ की नको' नाही. त्यावर वेगळा धागा काढा ना, मी येतो भांडायला.

मालवणी_मुलगा_नेरुळ
पिण्याचं कोणी बोललंच नाही. थंड आणि आंबट हवं असेल तर कोकम. पण बाजारातलं कोकम सरबत नाही! त्या बाटलीत निम्म्याहून जास्त साखरेचा पाक असतो, घटकांची यादी बघा. आमच्याकडे अमृत कोकम करतात तेच मुळात कोकमाच्या वाट्यांत साखर भरून, उन्हात ठेवून. तुम्हाला हवं ते आगळ. नुसता कोकमाचा रस आणि मीठ, साखरेचा कण नाही. ग्लासभर गार पाण्यात दोन चमचे आगळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, झालं. मीठ वरून अजिबात घालू नका, आगळ खारटच असतं. घरात कोणाला ब्लडप्रेशर असेल तर बेतानेच. बाटली ड्रॉवरमध्ये राहते, पण घट्ट बूच बघून घ्या, डाग पडला तर तो ड्रॉवरच्या आयुष्याला पुरेल.

आगळ ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोडच्या बाजूला कोकणातला माल ठेवणाऱ्या दुकानांत विचारा. कोणी गावाला चाललं असेल तर बेस्टच.

नौपाडेकरीण
आगळ आणते या शनिवारी. पण चहाचं काय? सकाळी एक, ऑफिसात दोन. चहा सोडा म्हणाल तर मी धागा बंद करेन.

निवृत्त_बाई
चहा सोडू नकोस, साखर मोज. कपाला दोन चमचे घालत असशील तर एक सपाट चमचा ४ ग्रॅम धरून तीन कपांचे २४ ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला असा आहे की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. तुझा कोटा चहातच संपला, सणवार बाकी आहेत.

मशीनचा चहा बंद कर, कारण त्यात किती साखर आहे ते तुझ्या हातात नाही. ऑफिसात गरम पाणी मिळतंच. घरून गवती चहाची वाळवलेली पात आणि आलं ने, चहाची पूड थोडी, दूध नको. पहिला आठवडा बेचव लागेल. घरच्या चहात दर आठवड्याला पाव चमचा साखर कमी कर, एकदम शून्यावर आलीस की तिसऱ्या दिवशी पेढे खाशील. आणि चहा जेवणाला चिकटून नको, तासभर अंतर हवं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेतही तेच सांगितलंय, चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

ऐरोली_गावची
मी इथलीच, आगरी. आमच्यात संध्याकाळी तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणि सुक्या जवळ्याची चटणी. प्रथिनं हवीत ना, जवळा घ्या! फक्त ऑफिसात डबा उघडू नका, एकदा मी उघडला तर एसी बंद करून खिडक्या उघडायला माणूस बोलावला होता 😄

शाकाहारी असाल तर पेरू. कुरकुरीत पण, आंबट-गोड पण, वर तिखट-मीठ. स्टेशनबाहेर टोपलीवाल्या बायका असतात, अर्धा कच्चा बघून घ्यायचा, पिकलेला जास्त गोड. कापून घेऊ नका, अख्खा घ्या नि धुऊन चावून खा. तुमचा समोसा आणि वडापाव दोघांना हा एकटा पुरतो असं माझं मत. थंडीत आवळे, मेमध्ये करवंदं, पाऊस लागला की जांभळं. रोज तेच फुटाणे कोण खाणार?

कळवा_खाडी
वडापावला पेरू पुरतो म्हणणाऱ्या ताईंना साष्टांग दंडवत _/\_

ऐरोली_गावची
पुरतो म्हणजे सोमवार ते शुक्रवार. शनिवारी मी पण वडाच खाते.

गूळप्रेमी
रात्रीच्या गोडासाठी गुळाचा खडा किंवा राजगिऱ्याचा लाडू. गुळात लोह असतं, साखरेसारखं नुकसान नाही.

निवृत्त_बाई
६.१ वालीला हे सांगू नका हो. गूळही शरीराच्या लेखी साखरच, उष्मांक जवळजवळ तेवढेच. लोह असतं, पण ते पुरेसं मिळायला जेवढा गूळ खावा लागेल तेवढ्यात बाकी सगळं बिघडेल. राजगिरा चांगला, लाडवातला पाक नाही. राजगिऱ्याच्या लाह्या दह्यात घालून खा, वर चार मनुका.

नौपाडेकरीण, तुला रात्री खरंच गोड हवं असतं की जेवण संपल्याची खूण हवी असते? माझ्या आईला विडा लागायचा, वडिलांना बडीशेप. बिनसाखरेची आवळा सुपारी किंवा भाजलेली बडीशेप-ओवा-तीळ करून बघ. नाहीच भागलं तर एक खजूर, त्यात अक्रोडाचा तुकडा भरून. एक म्हणजे एकच. खजुराचा डबा टेबलावर ठेवायचा नाही, वरच्या फळीवर.

पाकीट_वाचक
दुकानातल्या 'मल्टिग्रेन', 'डायजेस्टिव्ह' बिस्किटांबद्दल: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिल्या तीनात मैदा, साखर, पामतेल दिसलं की पुढची नाचणी-ओट्सची नावं शोभेपुरती समजा. 'हेल्थ ड्रिंक' शब्दावरही जाऊ नका. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही, म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं त्या विभागातून काढायला सांगितली होती.

निवृत्त_बाई
त्यापेक्षा नाचणीची आंबील. दोन चमचे पीठ रात्री पाण्यात कालवून ठेव, सकाळी शिजव, गार करून ताक, मीठ, ठेचलेला लसूण. पंधरा मिनिटांत होते. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. तू घेशील २५ ग्रॅम, म्हणजे ८०-९० मिलिग्रॅम. फार नाही, पण ताकाचं त्यात मिळवलं की बरं होतं. आणि पोट भरतं.

नौपाडेकरीण
तीन आठवड्यांनी हजर. डब्यात उसळ सुरू केल्यावर पाचची भूक अर्धी झाली, बाईंना नमस्कार. पेरू हिट. आगळ हिट, आता शेजारची दोघंही पितात, बाटली आठवड्यात संपते. मखाणे 'कट्' होईपर्यंत भाजले, मग माझी माफी मागून टीमने दोन दिवसांत डबा रिकामा केला. गवती चहा दुधाशिवाय अजून गिळतेय, आवडलेला नाही. रात्रीच्या गोडाचं सातातून चार दिवस भागतं, तीन दिवस नाही. वडा दोनदा खाल्ला, शनिवारी नाही, मंगळवारी. रक्त तीन महिन्यांनी तपासायचंय, तेव्हा लिहीन.

आंबीलीचा मात्र घोटाळा झाला. बाटलीत भरून नेली, घणसोलीला साइटवर जायचं होतं, उकाड्यात दुपारपर्यंत अशी फसफसली की बूच उघडताच निम्मी ओढणीवर. ताकाचंही तसंच आंबट ढाण होतं. फ्रीजशिवाय काय करता?

मालवणी_मुलगा_नेरुळ
काठोकाठ भरली असणार. रात्री स्टीलच्या बाटलीत पाव भाग साधं पाणी भरून, झाकण न लावता फ्रीझरमध्ये उभी ठेवा. सकाळी त्या बर्फावर घट्ट ताक ओता, वर चार बोटं जागा सोडा. चारपर्यंत बर्फ विरघळून ताक बेताचं पातळ आणि गार. आंबील मात्र घरीच पिऊन निघा.

ऐरोली_गावची
आणि ताकात लसूण नको, कढीपत्ता-जिरं चालेल. लोकलमध्ये बाटली उघडायची असते आपल्याला.