अनुभव धागा : घरातल्या वस्तूंची यादी आणि तारखांचा घोळ

धागाकर्ती, नौपाडा

आमच्याकडे वस्तू तारखेला येत नाहीत, सणाला येतात. मिक्सर पाडव्याचा, फ्रिज दसऱ्याचा. 'कधी घेतला?' विचारलं तर सासूबाई सण सांगतात आणि मग कोणी तरी जुनं कॅलेंडर शोधायला उठतं. म्हणून हौसेने एक ॲप घेतलं आणि बिलं समोर ठेवून घरातली प्रत्येक वस्तू त्यात नोंदवली.

२०२२ चा दसरा ५ ऑक्टोबरला होता. फ्रिजच्या बिलावर ०५/१०/२०२२. तसंच टाकलं. ॲपने ते वाचलं १० मे. तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत, वर हिरवी बरोबरची खूण. पुढच्या जूनमध्ये थर्मोस्टॅट गेला. ॲप म्हणालं, वर्षाची वॉरंटी मे महिन्यातच संपली. मीही मान डोलावली, ओळखीचा मेकॅनिक बोलावला आणि १,९०० रुपये मोजले. दिवाळीच्या आवराआवरीत बिल हाती लागलं तेव्हा कळलं की जूनमध्ये वॉरंटी चांगली जिवंत होती. नवऱ्याने फक्त एकदा बघितलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

मग बाकीच्या नोंदी तपासल्या. २ एप्रिलच्या पाडव्याचा मिक्सर ४ फेब्रुवारीला जाऊन बसलेला. २२ मेचं वॉशिंग मशीन मात्र जागच्या जागी, कारण बाविसावा महिना नसतो! तिथे ॲपने स्वतःच क्रम फिरवून घेतला होता. मूळ कुठे होतं? फोनची भाषा 'इंग्रजी, अमेरिका' अशी होती, आणि तिकडे महिना आधी, दिवस नंतर लिहितात. ती बदलून भारताची केली. नव्या नोंदी ताळ्यावर आल्या, जुन्या मात्र एकेक करून हाताने सुलट्या कराव्या लागल्या.

तुमच्याकडे काय काय झालं? मनमोकळं लिहा, हसणार नाही. फार हसणार नाही.

पाचपाखाडीकर

मी ॲपच्या वाटेला जात नाही, स्प्रेडशीटवाला आहे. बायकोने तिच्या ॲपमधून यादी काढून मला फाइल पाठवली. उघडली तर काही तारखा चौकटीत उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे. उजवीकडच्या म्हणजे संगणकाला तारीख म्हणून उमगलेल्या, डावीकडचा नुसता मजकूर. शनिवारची अख्खी दुपार मी डावीकडच्या दुरुस्त करत बसलो.

चूक उजवीकडच्यांत होती! डावीकडच्या होत्या १३ ते ३१ तारखेच्या. त्या संगणकाला कळल्या नाहीत म्हणूनच शाबूत राहिल्या. 'कळलेल्या' सगळ्यांचा दिवस-महिना उलटा.

आता अशी फाइल थेट उघडत नाही. तारखांचा रकाना आधी मजकूर म्हणून आत घेतो, मग एक्सेलमध्ये 'टेक्स्ट टू कॉलम्स'ला जाऊन तिसऱ्या पायरीवर 'डेट' आणि 'डीएमवाय', म्हणजे दिवस-महिना-वर्ष, निवडतो. गुगल शीट्स असेल तर आधी सेटिंग्जमध्ये लोकेल, म्हणजे कुठल्या देशाची पद्धत, भारत आहे ना ते बघावं.

गणिताच्या बाई, कोपरखैरणे

किती तारखा अशा गुपचूप उलटू शकतात ते मोजलं. प्रत्येक महिन्यातल्या पहिल्या १२, म्हणजे १४४. त्यातून १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा उलटल्या तरी त्याच राहणाऱ्या १२ वजा करा. उरल्या १३२. वर्षातला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग. चुकून बरोबर आलेल्या बाकीच्या तारखा बघून आपण निर्धास्त राहतो, गोम तिथे आहे.

वाशीची सून

माझा विषय औषधं. सासऱ्यांच्या बारा गोळ्या, म्हणून औषधांचा डबाही यादीत घातला. पाकिटावर फक्त महिना आणि वर्ष असतं, ॲपला दिवस हवाच. दिला नाही तर ते आपणहून १ तारीख घालतं. झालं, प्रत्येक महिन्याच्या १ तारखेला 'मुदत संपली'ची घंटी. दोन चांगल्या पट्ट्या मी कचऱ्यात टाकल्या. सासरे केमिस्टकडे गेले आणि शिकून आले : महिना-वर्ष छापलेलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. १९४५ च्या औषध नियमांतच तसं आहे. आता ३०-३१ तारीख हाताने टाकते. फेब्रुवारीत ३० टाकली की ॲप चिडतं. निदान चिडतं तरी!

ऐरोलीकर

बाबांचा कळफलक मराठी. त्यांनी १५/०८/२०२१ अशी देवनागरी आकड्यांत तारीख टाकली. दिसली छान, 'सेव्ह' झालं, परत उघडलं तर कोरं. बाबा म्हणाले, "स्वातंत्र्यदिनच पुसला की रे यांनी." उपाय सापडलेला नाही, आता कॅलेंडरच्या चित्रावर बोट ठेवून दिवस निवडतात. जुनी वस्तू असली की एकेक महिना मागे सरकवत बसतात. २०११ च्या टीव्हीला निम्मा चहा गार झाला.

सीवूड्सची ताई

आईच्या घराची यादी मी आणि न्यू जर्सीचा भाऊ मिळून ठेवतो. मी ०३/०५ लिहिते ती अक्षय्य तृतीया, तो वाचतो ५ मार्च. तेवढ्यावर भागलं नाही. मी नीट निवडलेली तारीखही त्याला एक दिवस आधीची दिसायची. ॲप तारखेबरोबर मध्यरात्रीची वेळही साठवत होतं, आणि इथे रात्रीचे १२ वाजतात तेव्हा तिकडे आदला दिवस चालू असतो. आईच्या पाटल्या ३ मेच्या की २ मेच्या यावरून व्हिडिओ कॉलवर भांडण. आई मध्येच म्हणाली, "पावती माझ्याकडे आहे, तुम्हाला कोणी विचारलंय?"

आता शेऱ्याच्या रकान्यात अक्षरांत लिहितो, '३ मे २०२२'. तो मात्र २०२२-०५-०३ चा आग्रह धरतो. आयएसओ ८६०१, तारखा लिहायचं १९८८ पासूनचं आंतरराष्ट्रीय मानक, वगैरे ऐकवतो. बरोबर आहे त्याचं, मजकूर म्हणून ठेवलं तरी क्रम लागतो. पण आईला वाचता आलं पाहिजे ना.

चरईतले आजोबा

आमच्या वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ १९२८ चं. नातवाने वर्षाच्या जागी २८ लिहिलं, एक्सेलने २०२८ केलं. म्हणजे अजून विकत घ्यायचंय. नातू म्हणतो, दोन आकडी वर्ष २९ पर्यंत असेल तर ते या शतकातलं धरतात आणि ३० पासून मागच्या. घंगाळ त्याहून जुनं, १९०० च्याही आधीचं. एक्सेलच्या तारखा सुरूच १ जानेवारी १९०० पासून होतात, तेव्हा ते कायमचं डावीकडे, मजकुरात.

कळवेकर

मी उत्साहात गॅस सिलिंडरही नोंदवायला गेलो. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर 'बी-२७' असं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, अशा चार तिमाह्या, पुढे वर्ष. सिलिंडरची पुढची चाचणी तेव्हा व्हायची असते. ॲपला बी कळेना, मला सोडवेना.

धागाकर्ती, नौपाडा

कळवेकर, वाचता वाचता उठून आमचा बघून आले. सी-२८ निघाला. ॲपमध्ये काय टाकू, १ जुलै की ३० सप्टेंबर?

कळवेकर

काही टाकू नका. दीड महिन्यात तो सिलिंडर परत जाणार, दुसरा येणार. शेगडीची रबरी नळी कधी बदलली ते मात्र टाका. आणि महिना अक्षरांत.