शाळेच्या फाटकाला दिवसभर कुलूप हवं का?

पायरीवरचा

मुलांच्या शाळेचा नवा आपत्कालीन आराखडा पालक समितीकडे मतासाठी आलाय. बराचसा ठीक आहे, पण एका कलमावरून समितीत चांगलंच वाजलं, म्हणून इथे विचारतोय. कलम असं: तीन फाटकांपैकी दोन कायम कुलूपबंद, तिसऱ्यावर पहारेकरी आणि जिन्याच्या तोंडाशी असलेलं जाळीचं सरकतं दार तास चालू असताना बंद. किल्ल्या कार्यालयात.

हे कलम सरळ काढून टाकावं असं माझं मत. केनियात क्यांगुलीच्या शाळेच्या वसतिगृहाला मार्च २००१ मध्ये आग लागली, ६७ मुलगे गेले. दोनपैकी एक दार कुलूपबंद होतं, खिडक्यांना गज होते. मे २०२३ मध्ये गयानात माहदिया इथे मुलींच्या वसतिगृहात तीच गत. मुलींनी चोरून बाहेर जाऊ नये म्हणून रात्री दारं बंद केलेली, खिडक्यांना जाळ्या. आग लागल्यावर वसतिगृह सांभाळणाऱ्या घाबरलेल्या बाईंना किल्ल्याच सापडेनात. लोकांनी भिंतीला भगदाडं पाडून काही जणींना बाहेर ओढलं, तरी २० जीव गेले. ते कुलूप कुणा दुष्टाने लावलं नव्हतं, मुलींच्या काळजीपोटीच लावलं होतं. आमच्या समितीतले लोकही काळजीपोटीच बोलताहेत आणि मला भीती त्याचीच वाटते.

समितीचं उत्तर एकच: "आग कधीतरी लागेल, बाहेरचा माणूस रोज आत येऊ शकतो."

रोखठोक

असहमत. तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं रात्रीच्या वसतिगृहांची आहेत. मुलं झोपेत, मोठं माणूस एखादंच. दिवसाच्या शाळेत प्रत्येक वर्गात शिक्षक जागा असतो, त्याला हे लागू कसं करता?

आता दिवसाची उदाहरणं मी देतो. ८ जून २००१, जपानच्या ओसाका प्रांतातलं इकेदा. उघड्या फाटकातून एक माणूस सुरा घेऊन प्राथमिक शाळेत शिरला. वाटेत एका शिक्षकाला दिसलाही, पण कुणाचा तरी पालक असेल म्हणून त्याने हटकलं नाही. ८ मुलं गेली. १९९६ साली स्कॉटलंडच्या डनब्लेनमध्ये बंदूकधारी शाळेत घुसला, १६ मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या. फ्लोरिडातल्या पार्कलँडला २०१८ मध्ये शाळा सुटायची वेळ होत आली म्हणून फाटक आधीच उघडून ठेवलेलं, तिथे उभं कुणीच नव्हतं. खुनी तिथूनच आत गेला. १७ माणसं.

उघडं फाटक म्हणजे आमंत्रण. समिती बरोबर आहे.

तिरका

किल्ली कार्यालयात. कार्यालयाची किल्ली शिपायाकडे. शिपाई बँकेत. आराखडा मंजूर.

पायरीवरचा

@रोखठोक, दिवसाचं उदाहरण हवं ना? २३ डिसेंबर १९९५, हरियाणातलं डबवाली. शाळेच्या समारंभाचा मंडप, भरदुपार, आईबाप मुलांच्या शेजारी बसलेले. बाहेर पडायला वाट एकच. चारशेहून अधिक माणसं गेली आणि त्यात बहुतेक मुलं आणि बायका. मोठी माणसं जागी असून काय उपयोग झाला?

रोखठोक

तो मंडप होता, शाळेची इमारत नव्हे. आणि फाटक उघडं ठेवल्याने तिथे काही वाचलं असतं असं तुम्ही तरी कुठे म्हणताय? कापडच भराभरा पेटलं. तुम्ही प्रत्येक दुर्घटनेतून कुलूपच बाहेर काढताय.

जुना नटबोल्ट

नोकरीची बरीच वर्षं इमारतींच्या अग्निसुरक्षेत गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुम्ही दोघं दोन वेगळ्या दारांवर भांडताय. एक कुंपणाचं फाटक, दुसरं इमारतीतून बाहेर पडायचं दार. कुंपणाचं फाटक बंद ठेवता येतं. अट इतकीच की आत, इमारतीपासून पुरेसं लांब, सगळी शाळा मावेल एवढं मैदान हवं आणि अग्निशमनाची गाडी जिथून यायची ते फाटक क्षणात उघडायला हवं. मैदान चिंचोळं असेल तर फाटकही बाहेर पडण्याच्या वाटेचाच भाग झालं, मग कुलूप चालणार नाही. धागाकर्त्यांनी आधी मैदान मोजावं.

जिन्याच्या तोंडाशी जाळीचं दार, तेही कुलूपबंद, याला मात्र माझा ठाम नकार. भारताच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत साफ लिहिलंय की बाहेर पडायचं दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. यात मत मागण्यासारखं काही नाही. शिवाय कुलूप उघडलं तरी सरकती जाळी गर्दीत घात करते. मागून रेटा आला की पुढचं मूल जाळीला चिकटतं, आणि मग ती बाजूला सरकवायला जागा आणि ताकद उरत नाही. म्हणून गर्दीचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असावं.

आत कुणी येऊ नये आणि आतलं कुणी अडकू नये, ही दोन्ही कामं एकाच दाराने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी साधली आहेत. डिसेंबर १९०३ मध्ये शिकागोच्या इरोक्वाय नाट्यगृहाला आग लागली, सहाशेवर माणसं गेली, कितीतरी दारं बंद होती. त्या खेळाला जायचं ठरवूनही न गेलेला कार्ल प्रिन्झलर हा दारांच्या कड्याकुलपांच्या व्यवसायातला माणूस. त्यातूनच पुढे दाराला बसवायचा आडवा दांडा आला, पॅनिक बार म्हणतात तो. बाहेरून दार बंदच, आतून दांड्यावर अंग टाकलं की उघडतं. अंधारात, धुरात, घाबरलेल्या मुलालाही जमतं.

जाता जाता जिन्याबद्दल. केनियातल्या काकामेगाच्या प्राथमिक शाळेत ३ फेब्रुवारी २०२० रोजी ना आग, ना भूकंप. शाळा सुटल्यावर जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि १४ मुलं गेली. तेव्हा दाराच्या आधी जिना बघा. कठडा हलतो का, वळणावर कपाट किंवा सायकली ठेवल्यात का, दोन मजले एकदम उतरले तर मावतात का.

तिरका

नटबोल्टकाकांना बाडीस. आमच्याकडे जिन्याच्या वळणावर ढाली ठेवायचं कपाट होतं. आदर्श शाळेची ढालही त्यातच.

सावली

आतून कुणालाही उघडता येणारं दार ऐकून मला धस्स झालं. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, बोलत नाही आणि संधी मिळाली की पळतो. रागाने नाही, एखादी गोष्ट खुणावते म्हणून. रस्ता, पाणी, काही कळत नाही. तुमच्या दांड्यावर तो पहिल्याच दिवशी अंग टाकेल.

२०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये असाच १४ वर्षांचा मुलगा भर शाळेतून बाजूच्या दाराने निघून गेला. काही महिन्यांनी नदीत त्याचे अवशेष मिळाले. पार्कलँडसारखी घटना माझ्या मुलाच्या शाळेत होईलच असं नाही. तो पळणं मात्र रोज शक्य आहे. तेव्हा कुलपाच्या बाजूने असणारे सगळे भित्रे नसतात, एवढं लक्षात घ्या.

जुना नटबोल्ट

सावलीताई, मुद्दा खरा आहे आणि आराखडे करणारे तो नेहमी विसरतात. तुम्ही सांगितलेल्या घटनेनंतर न्यूयॉर्कने २०१४ मध्ये कायदा केला, तो शाळेच्या दारांना अलार्म बसवण्याबद्दलचा. दार उघडलं की वाजतं. दार अडवायचं नाही, उघडल्याचं कळवायचं.

रोखठोक

आणि तो ऐकणार कोण? पहिला आठवडाभर शिपाई धावेल. मग पोरं मुद्दाम वाजवतील, महिनाभरात कुणीतरी तार काढून ठेवेल. कुलपाला निदान लक्ष द्यावं लागत नाही.

शिवाय अलार्म वाजला की बाहेर पळायचं, हे मुलांना शिकवताय. पार्कलँडला गोळीबारातच आगीचा अलार्म वाजला. वरच्या मजल्यावरची मुलं सरावाप्रमाणे वर्गाबाहेर आली, कारण आधीचे आवाज त्यांना कळलेच नव्हते. एका धोक्याची सवय दुसऱ्या धोक्यात कशी अंगाशी येते ते बघा.

खडूवाली

मी वर्गावर असते, म्हणून लिहिते. शेवटी "चला" म्हणणार कोण, हे अजून कुणीच विचारलं नाही.

११ मार्च २०११, जपानमधली ओकावा प्राथमिक शाळा. इमारत भूकंपात टिकली, मुलं बाहेर मैदानात आली, दारं सगळी उघडी. मागे टेकडी. पण त्सुनामीची लाट येईपर्यंत जवळजवळ ५० मिनिटं मुलं मैदानावर थांबली आणि मोठ्यांची चर्चा चालली. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. शाळेच्या आराखड्यात त्सुनामीसाठी जागा लिहिली होती "जवळची मोकळी जागा किंवा उद्यान". तसं ठरलेलं ठिकाणच नव्हतं. कुठलातरी नमुना उतरवताना लिहून टाकलेली ओळ ती. नुकसानभरपाईचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१९ मध्ये पालकांच्या बाजूचा निकाल कायम झाला, आणि त्यात बोट ठेवलंय ते आधीच्या तयारीतल्या हलगर्जीपणावर.

त्याच दिवशी जपानमधल्याच कामाइशी शहरात उनोसुमाई भागातल्या शाळांच्या मुलांनी ठरलेल्या जागी पोचूनही ती जागा पुरेशी उंच नाही असं बघितलं आणि आणखी वर पळाली. मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले. तोशिताका कातादा हे प्राध्यापक तिथे आधी काही वर्षं शिकवत होते की नकाशावर विसंबू नका. आपल्याकडे सराव म्हणजे आदल्या दिवशी सूचना, रांगेत मैदान, फोटो, परत वर्गात. मुख्याध्यापक रजेवर असताना घेतलेला सराव मी अजून पाहिलेला नाही.

पायरीवरचा

त्सुनामी आणि जिन्याची जाळी यांचा संबंध लावणं ताणलेलं वाटतं, बाई. माझा प्रश्न दारापुरता आहे.

खडूवाली

आहे संबंध. "किल्ल्या कार्यालयात" हीसुद्धा "जवळची मोकळी जागा" सारखीच ओळ आहे. कुणाच्या हातात, तो नसेल तर कुणाच्या, हे लिहिलेलंच नाही. रोखठोक म्हणतात तसं फाटक बंद ठेवायचं असेल तर ठेवा, मी अडवत नाही. पण फाटकाच्या पहारेकऱ्यापासून माझ्या वर्गापर्यंत "कुणीतरी आत आलंय" हे पोचायला आज काहीही साधन नाही. घंटा एकच. मधल्या सुटीची, आगीची आणि पाहुणे आल्याची. आगीची घंटा वेगळी, आत थांबायची सूचना वेगळी, ती तोंडी आणि साध्या शब्दांत. एवढं झालं तर पार्कलँडच्या गोंधळाला थोडं तरी उत्तर मिळतं.

रोखठोक

हे पटलं. कुंपणाच्या फाटकाबाबत मी जागचा हललेलो नाही. जिन्याच्या जाळीचा आग्रह सोडतो, नटबोल्टसाहेबांच्या रेट्याच्या मुद्द्यामुळे.

सावली

आणखी एक. मोठा भोंगा वाजला की माझा मुलगा कान दाबून जमिनीवर बसतो, दार उघडं असलं तरी हलत नाही. म्हणजे रोज पळणारा मुलगा नेमका त्या दिवशी जागचा हलणार नाही. त्याला कोण उचलणार, ते नाव आराखड्यात हवं. "विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांची काळजी घेतली जाईल" असलं वाक्य नको.

पायरीवरचा

समितीला लेखी हरकत देतोय: जाळी काढा, इमारतीच्या मागच्या दाराला पॅनिक बार आणि अलार्म, घंटा दोन. सावलीताई, नावाचा मुद्दा तुमच्याच शब्दांत घालतो. फाटकांवर मात्र मी विरोधातच मत देणार. मैदान उद्या मोजतो, पण आराखड्यातच ते "वाहनतळ व मैदान" असं लिहिलंय. दिवसभर तिथे बस उभ्या असतात.

जुना नटबोल्ट

बस उभ्या असताना मोजा.