मुलाचे रात्रीचे गेमिंग: आजार कधी समजावा आणि दाखवावे कोणाला?

प्रश्न: एक आई, डिचोली (गोवा)

नमस्कार. माझा मुलगा सोळा वर्षांचा असून जूनपासून शहरातील एका हायर सेकंडरीत अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. दहावीनंतरच्या सुट्टीत आम्ही त्याला नवा मोबाईल घेऊन दिला. तेव्हा संध्याकाळी तासभर खेळणारा मुलगा आता रात्री दीड-दोन वाजेपर्यंत इयरफोन लावून आपल्या ‘स्क्वॉड’बरोबर, म्हणजे ऑनलाइन संघाबरोबर, बॅटल रॉयल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो असा लढाईचा खेळ) खेळत असतो आणि सकाळी बसच्या वेळेला त्याला अक्षरशः ओढून उठवावे लागते. सहामाहीत तो फिजिक्स आणि गणितात नापास झाला.

मला मार्कांपेक्षा दुसरी गोष्ट अधिक खुपते. आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो आणि हा सात वर्षांचा असल्यापासून आजोबांच्या शेजारी बसून आरतीला घुमट हे मातीचे तालवाद्य वाजवत आला आहे. यंदा आरती सुरू झाली तरी तो खोलीतून बाहेर आला नाही. बोलावल्यावर आला, घुमट धाकट्या चुलतभावाच्या हातात दिले आणि परत आत गेला.

गेल्या महिन्यात त्याच्या वडिलांनी संतापून रात्री राउटर बंद केला आणि मोबाईल काढून घेतला. त्याने दारावर लाथा मारल्या, दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आम्हीच घाबरून मोबाईल परत दिला. हे वयाचे वागणे आहे की आजार? गेममुळे तो असा झाला, की आधीच काही बिनसले होते म्हणून गेममध्ये शिरला? शिवाय सासूबाईंना वाटते की बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेत नेले तर गावात बोभाटा होईल.

उत्तर १: मानसशास्त्रज्ञ, फोंडा

ताई, तुम्ही घुमटाची गोष्ट लिहिलीत, त्यामुळे मला तासांच्या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक कळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ला स्थान मिळाले असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात दिवसाला किती तास खेळले म्हणजे आजार, असा आकडा कोठेही दिलेला नाही. तीन गोष्टी पाहिल्या जातात: खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर आवडी आणि दैनंदिन कामे मागे पडून खेळच पहिल्या स्थानी येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहणे किंवा वाढणे. यांमुळे शिक्षण, कुटुंब किंवा मैत्री यांत ठळक बिघाड झालेला असावा लागतो आणि हे साधारणपणे बारा महिने टिकलेले असावे लागते. लक्षणे तीव्र असतील तर डॉक्टर त्याआधीही निदान करू शकतात. तुमच्या मुलात तिन्हींची चिन्हे दिसतात, पण काळ अजून सहा-सात महिन्यांचाच आहे. म्हणून मी आज त्याला आजाराचे नाव देणार नाही आणि ‘वयात येताना होतेच’ असे म्हणून सोडूनही देणार नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. नैराश्य, समाजात वावरण्याची भीती आणि एडीएचडी (लक्ष एकाग्र न होणे, अतिचंचलता) ही गेमिंगच्या अतिवापरासोबत वारंवार आढळतात आणि संबंध दोन्ही बाजूंनी चालतो: उदास मूल खेळात आसरा शोधते, रात्रभर खेळून झोप मोडते, मोडलेल्या झोपेमुळे मन आणखी खचते. दुसऱ्या बाजूने, स्क्रीनचा वापर हेच सगळ्या दुःखाचे मूळ आहे असे मानण्यालाही आधार नाही. ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या मनःस्वास्थ्यातील फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के भागच तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता आला. हा सर्वांचा मिळून आकडा आहे. एखाद्या मुलाच्या बाबतीत परिणाम मोठा असू शकतो, म्हणूनच त्या मुलाकडे पाहावे लागते.

राउटर बंद केल्यावर तो इतका का भडकला, हेही समजून घ्यावे. हे सामने मध्येच थांबवता येत नाहीत. जोडणी तुटली की तो स्वतः हरतोच, शिवाय साथीदारांना ऐन वेळी सोडून गेला असा त्याचा लौकिक होतो. त्यामुळे ‘अकरा वाजता बंद’ यापेक्षा ‘साडेदहानंतर नवा सामना सुरू करायचा नाही’ हा नियम पाळला जाण्याची शक्यता जास्त. तो नियम त्याच्याशी बसून ठरवा आणि पहिले लक्ष्य गुणांचे न ठेवता झोपेचे ठेवा.

दोन गोष्टी मात्र आजच पाहा. पैसे लावून खेळायच्या एखाद्या ॲपवर तो गेला आहे का, हे घरातील यूपीआयचे व्यवहार तपासून कळेल. अशा खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे, तरी खात्री करून घ्यावी. दुसरे म्हणजे, जगणे नकोसे वाटते का, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे त्याला शांतपणे, सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तसे विचार मनात रुजत नाहीत. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.

उत्तर २: अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सत्तरी

काकू, मी आज एकवीस वर्षांचा आहे आणि तुमच्या मुलाच्या जागी मी होतो. गावच्या शाळेत मी पहिल्या तीनांत असायचो. अकरावीला शहरात गेलो तेव्हा वर्गातील बहुतेक मुले एकमेकांना आधीपासून ओळखत होती, आपसात इंग्रजीत बोलत होती आणि शिकवणीतही एकत्र होती. मी मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी उभा राहून वेळ काढायचो. रात्री गेममध्ये मात्र मीच स्क्वॉडचा लीडर होतो; चार जण माझ्या आवाजाची वाट पाहत असत. दिवसभरात मला काही येते असे वाटण्याची ती एकच जागा होती.

माझ्या वडिलांनीही मोबाईल काढून घेतला होता. त्यानंतर मी मित्राचा जुना फोन आणून गोठ्यामागे बसून खेळू लागलो, म्हणजे खेळ तसाच राहिला आणि वर खोटे बोलणे आले. बदल झाला तो मामामुळे. त्याने एके दिवशी माझ्या शेजारी बसून मला विचारले की या गेममध्ये जिंकतात कसे, आणि मी तासभर बोललो. त्या बोलण्यातच वर्गाची गोष्ट निघाली. पुढे शिकवणी बदलली, गावातल्या दोन मुलांबरोबर बसने जाऊ लागलो, खेळणे हळूहळू रविवारपुरते उरले. यात जवळजवळ वर्ष गेले आणि मध्ये दोनदा मी पुन्हा पूर्वीसारखा खेळत बसलो, हेही सांगायला हवे. जूनमध्ये त्याच्या वर्गात काय झाले, ते तुम्ही त्याला विचारले आहे का?

उत्तर ३: एक वडील, साखळी

आमच्याकडे एकच गोष्ट उपयोगी पडली. रात्री साडेदहाला घरातील सगळ्यांचे मोबाईल, माझा आणि पत्नीचासुद्धा, हॉलमध्ये चार्जिंगला लागतात. उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ आणले. पहिले पंधरा दिवस मलाच जड गेले आणि मुलीने ते पाहिले. माझ्या मते तेवढ्यानेच तिचा विरोध मावळला.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. काल मी त्याच्या पलंगावर बसून खेळ पाहिला आणि नंतर वर्गाबद्दल विचारले. बराच वेळ तो गप्प होता, मग म्हणाला, “तिथे माझ्याशी कोणी बोलत नाही. सप्टेंबरपासून मी प्रॅक्टिकललासुद्धा एकटाच असतो.” स्वतःला इजा करण्याबद्दलही विचारले, तसे नाही म्हणाला, पण रडला. आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. बांबोळीला जायचे ठरवले आहे. त्याला काय सांगून न्यावे?

उत्तर १: मानसशास्त्रज्ञ, फोंडा

खरे ते सांगून न्या. दुसऱ्याच कामाचे निमित्त करून नेलेले मूल डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाही. ‘तुझी झोप गेली आहे, तू एकटा पडला आहेस आणि आम्हाला ते वेळेवर कळले नाही, म्हणून आपण मदत घेऊ’ इतके पुरेसे आहे. त्यात ‘व्यसन’ हा शब्द नको. बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था ही सरकारी आहे. तेथील बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येते, दाखवले म्हणजे दाखल करतात असे नाही. उपचारांची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक केले आहे, हे सासूबाईंनाही सांगा. डॉक्टरांना थोडा वेळ त्याच्याशी एकट्याशी बोलू द्यावे आणि बाहेर आल्यावर ‘काय विचारले?’ असे विचारू नये. त्याआधीच्या आठवडाभरात तो केव्हा झोपला आणि केव्हा उठला याची नोंद त्याच्याच हाताने करवून घ्या. पहिल्या भेटीत ती फार उपयोगी पडेल. वर्गशिक्षकांना भेटायचे असेल तर त्याला विचारूनच भेटा.