मदत हवी आहे: कोळंबीच्या खोक्यात आलेली वीतभर मुशी (लहान शार्क) कोणती?

कळवेकर:
ठाण्याच्या मासळीबाजारात, केरळहून बर्फात आलेल्या कोळंबीत ही सापडली. लांबी २१ सेंमी, रंग गडद तपकिरी. कोळीणमावशी म्हणतात, मुशीचं पिल्लू. कॉलेजच्या संग्रहात ठेवायची आहे. जात कशी ठरवू? सध्या फ्रीजरमध्ये आहे, फोटो जोडला आहे.

खाडीकाठ (ऐरोली):
पाठीवरचे दोन पर बघा. बाजारातली नेहमीची मुशी म्हणजे स्कोलिओडॉन. तिचं तोंड फावड्यासारखं चपटं आणि दुसरा पर अगदीच चिमुकला. फोटोत दोन्ही पर जवळपास सारखे दिसतायत, म्हणजे मावशींचं पिल्लू बाद. नाकपुड्यांशी मिशा असतील तर बांबू शार्क. दोन्ही परांपुढे काटा आहे आणि गुदपर (पोटाखाली, शेपटीच्या आधीचा पर) नाही, असं असेल तर एटमॉप्टेरस ही काटेवाली शार्क. शेपटी फितीसारखी लांब, खालची पाळी नाही, वर काळपट पट्टे, हे जुळलं तर एरिडॅक्निस रॅडक्लिफी ही छोटी शार्क.

कळवेकर:
काटे, मिशा नाहीत. गुदपर आहे. शेपटीवर पुसट पट्टे आहेत. ठाण्याच्या खाडीतली असेल का?

बेलापूरकर:
छे, खाडी उथळ. तुमच्या खुणांवरून ही एरिडॅक्निस दिसते, आणि ती साधारण ७० ते ७६० मीटर खोलीवर तळाशी राहते. मुंबईसमोर २०० मीटर खोली गाठायलाच अडीचशे-तीनशे किलोमीटर आत जावं लागतं. केरळात खोल पाण्यातली कोळंबी धरणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात मात्र ती येते.

मोठ्यात मोठी २४-२५ सेंमी, तेव्हा तुमची पूर्ण वाढलेली आहे. पोटाच्या परांच्या आत दोन दांडे असतील तर नर. मादी असेल तर पोट फार चिरू नका: एका वेळी एक-दोनच पिल्लं, पण जन्मतानाच सुमारे ११ सेंमी, म्हणजे आईच्या निम्मी!

खाडीकाठ (ऐरोली):
जतन करताना क्रम चुकवू नका. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर वितळू द्या, मोजपट्टी ठेवून फोटो काढा. मग उजव्या बाजूचा तांदळाएवढा स्नायू ९५% अल्कोहोलमध्ये. तो डीएनए तपासणीसाठी, कारण फॉर्मॅलिन (मासा टिकवायचं रसायन) लावल्यावर डीएनए बिघडतो. त्यानंतर बाजारी फॉर्मॅलिन १ भाग, पाणी ९ भाग. पोटात सुईने भरा, नाहीतर बाहेरून कडक आणि आत यकृत कुजलेलं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. आठवडाभर सपाट ट्रेमध्येच. बाटलीत कोंबली तर शेपटी वाकडीच घट्ट होते. नंतर दोन दिवस पाणी बदलत धुवून ७०% अल्कोहोलमध्ये.

चिठ्ठी पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलात विरघळते. आणि ठिकाण नुसतं 'ठाणे' नको. 'ठाणे बाजार, विक्रेत्याच्या सांगण्यानुसार केरळची मासळी' असं लिहा.